विश्लेषण : शेजारच्या दीर्घिकांच्या गाभ्यात काय दिसते? त्यासाठी खोडदची शांतता का लागते?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील कडा या गावाला रेल्वेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. अहिल्यानगर–बीड–परळी हा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. त्याचा अहिल्यानगर ते आष्टी हा टप्पा सुरू व्हायला सप्टेंबर २०२२ उजाडले, आणि गाडी बीडपर्यंत पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. या टप्प्यावरच कड्याचे स्थानक आहे. म्हणजे गावातली एक अख्खी पिढी रेल्वेची वाट पाहत मोठी झाली.

याच कड्यापासून पश्चिमेला, सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून थोडे अधिक अंतरावर, जुन्नर तालुक्यात खोडद आहे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे, म्हणजेच ‘जीएमआरटी’मुळे, पुणे–नाशिक या प्रस्तावित रेल्वेचा मार्गच बदलण्याचा निर्णय झाला. नारायणगावाकडून जाणारा मार्ग दुर्बिणीच्या कामात अडथळा ठरेल, असे कारण देत रेल्वे मंत्रालयाने शिर्डी आणि अहिल्यानगरकडून जाणारा पर्याय पुढे केला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागांत त्यावर नाराजी आहे. आकाश पाहण्यासाठी रेल्वे वळवावी लागते, असे त्या आकाशात काय आहे, हा प्रश्न तिथे साहजिकच विचारला जातो.

उत्तराचे अनेक भाग आहेत. त्यातला एक भाग समजून घेतला तर बाकीचा बराचसा उलगडतो. तो म्हणजे आपल्या शेजारच्या दीर्घिकांच्या मध्यभागी असलेले छोटे, पण अतिशय तेजस्वी रेडिओ गाभे.

दीर्घिकेचा ‘सघन गाभा’ म्हणजे काय?

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा, वायूचा आणि धुळीचा समूह. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे तिला आपण आकाशगंगा म्हणतो. जवळपास प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मध्यभागी एक अतिप्रचंड कृष्णविवर असते, असे आता मानले जाते. आकाशगंगेच्या मध्यभागचे कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचे आहे. कन्या तारकासमूहाच्या दिशेला, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या एम-८७ या दीर्घिकेतले कृष्णविवर तब्बल ६५० कोटी सूर्यांइतके जड आहे.

कृष्णविवर स्वतः दिसत नाही. पण त्यात वायू पडू लागला की त्याच्याभोवती तापलेली चकती तयार होते. काही वेळा त्यातून प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाणाऱ्या कणांचे झोत बाहेर फेकले जातात. हे कण चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. या लहरी येतात ती जागा दीर्घिकेच्या तुलनेत अगदी टीचभर असते. लाख प्रकाशवर्षे पसरलेल्या दीर्घिकेच्या मध्यभागी काही प्रकाशदिवस किंवा काही प्रकाशवर्षे एवढीच. म्हणून तिला सघन गाभा म्हणतात.

या गाभ्यावरून कृष्णविवर जागे आहे की झोपलेले, हे कळते. दूरच्या विश्वात क्वेसारसारखी अतितेजस्वी केंद्रे आहेत. ती ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. शेजारच्या बहुतेक दीर्घिकांमध्ये मात्र कृष्णविवर पेटलेल्या भट्टीसारखे नसून राखेखालच्या निखाऱ्यासारखे असते. तो निखारा आहे की नाही, हे ठरवणेच अवघड. आणि हा प्रश्न किरकोळ नाही. कृष्णविवरातून बाहेर पडणारी ऊर्जा भोवतीचा वायू तापवते, ढकलते आणि नव्या ताऱ्यांचा जन्म रोखू शकते. दीर्घिका कशा वाढल्या आणि कशा थांबल्या, याचा हिशेब या गाभ्यांशिवाय लागत नाही.

साध्या दुर्बिणीने हे का दिसत नाही?

पहिली अडचण धुळीची. दीर्घिकेच्या मध्यभागी धूळ दाट असते आणि दृश्य प्रकाश तिच्यात अडकतो. आपल्याच आकाशगंगेचा मध्य दृश्य प्रकाशात दिसत नाही तो याच कारणाने. रेडिओ लहरींची लांबी धुळीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असल्याने त्या सहज पार होतात.

दुसरी अडचण गर्दीची. दीर्घिकेच्या मध्यभागी तारेही खूप असतात. नवे तारे जन्माला येत असतात, जुने जड तारे फुटत असतात. तापलेला वायू आणि स्फोटांचे अवशेष हेसुद्धा रेडिओ लहरी सोडतात. नजर धूसर असेल तर हे सगळे मिळून मध्यभागी एकच तेजस्वी ठिपका दिसतो. तो ठिपका कृष्णविवराचा की ताऱ्यांचा, हे सांगता येत नाही.

सप्तर्षी तारकासमूहाच्या दिशेला एम-८१ आणि एम-८२ या दोन दीर्घिका शेजारीशेजारी आहेत. दोन्ही आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. दोन्हींच्या मध्यातून रेडिओ लहरी येतात. पण तीक्ष्ण नजरेने पाहिल्यावर चित्र पूर्ण वेगळे दिसते. एम-८१ च्या मध्यभागी एकच सघन गाभा आहे. त्याचा आकार पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण हजार पटींच्या घरात, म्हणजे प्रकाशाला पार करायला काही दिवस लागतील एवढाच. तो कृष्णविवराचा आहे. एम-८२ मध्ये मात्र मध्यभागी डझनावारी छोटे ठिपके विखुरलेले दिसतात. त्यांतले बरेचसे फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष आहेत. धूसर नजरेला जुळे वाटणारे दोन ठिपके, पण एकात कृष्णविवराचा निखारा आणि दुसऱ्यात ताऱ्यांची आतषबाजी.

हा फरक ओळखण्याची एक कसोटी आहे. तेवढीच ऊर्जा जितक्या छोट्या जागेतून येते, तितकी ती जागा ‘तापलेली’ मानावी लागते. हे तापमान कोटी अंशांच्या पुढे गेले की साध्या गरम वायूचे ते काम नव्हे, हे नक्की होते. पण ही कसोटी लावायला त्या जागेचा आकार मोजता आला पाहिजे. म्हणजे पुन्हा नजर तीक्ष्ण हवी.

नजर तीक्ष्ण कशी होते?

पंचांगात ग्रहांची स्थिती अंश, कला आणि विकलांमध्ये देतात. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. दहा रुपयांचे नाणे साडेपाच किलोमीटरवर ठेवले तर ते जेवढे दिसेल तेवढी एक विकला. निरोगी माणसाचा डोळा साधारण एक कला, म्हणजे ६० विकलांपर्यंतचा भेद ओळखतो.

दुर्बिणीची नजर दोन गोष्टींवर ठरते : लहरीची लांबी आणि दुर्बिणीची रुंदी. लहर जितकी लांब तितकी नजर धूसर. दुर्बीण जितकी रुंद तितकी नजर तीक्ष्ण. दृश्य प्रकाशाच्या लहरी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. रेडिओ लहरी मात्र सेंटिमीटर ते मीटर लांबीच्या. त्यामुळे खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या एकट्या तबकडीला २१ सेंटिमीटरच्या लहरीवर जे दिसते ते माणसाच्या डोळ्यापेक्षाही धूसर असते.

यावर उपाय असा की एकच अवाढव्य तबकडी बांधण्याऐवजी अनेक तबकड्या लांब लांब ठेवायच्या आणि त्यांचे संकेत अचूक वेळेसह एकत्र करायचे. मग नजरेची तीक्ष्णता तबकडीच्या आकारावर नव्हे, तर दोन तबकड्यांमधल्या अंतरावर ठरते. या अंतराला आधाररेषा म्हणतात. खोडद परिसरात ३० तबकड्या आहेत. चौदा तबकड्या एका चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन भुजांवर. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. त्यामुळे २१ सेंटिमीटरच्या लहरीवर खोडदची नजर सुमारे दोन विकलांपर्यंत पोहोचते.

आता कल्पना करा की याच दुर्बिणीला जोडून एक तबकडी कड्यात उभी आहे. अशी कोणतीही योजना नाही. हा फक्त हिशेब आहे. आधाररेषा २५ वरून एकदम शंभर किलोमीटरच्या पुढे जाईल आणि नजर चौपटीहून अधिक तीक्ष्ण होईल, सुमारे ०.४ विकला. एम-८१ च्या अंतरावर दोन विकला म्हणजे सुमारे ११५ प्रकाशवर्षे. कड्याच्या तबकडीमुळे तिथले २५ प्रकाशवर्षांपेक्षा लहान तपशीलही वेगळे दिसू लागतील. तबकडी आठ हजार किलोमीटरवर, म्हणजे दुसऱ्या खंडात असेल, तर एका प्रकाशवर्षाच्या आतले तपशील कळतील. दुर्बिणीत एका तबकडीची भर पडली, पण फरक पडला तो तिच्या अंतराने.

अर्थात एका तबकडीने पूर्ण चित्र मिळत नाही. चित्र भरीव होण्यासाठी छोटी, मध्यम, मोठी अशी अनेक अंतरे लागतात. पण मध्यभागी घट्ट ठिपका आहे की नाही, याचे उत्तर एका दूरच्या तबकडीनेही मिळू शकते. इतिहासात तसे घडलेले आहे.

पहिला गाभा कसा सापडला?

फेब्रुवारी १९७४ मध्ये ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक येथील तबकड्या आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडे वळवल्या. मुख्य तबकड्यांपासून ३५ किलोमीटरवर १४ मीटरची एक लहान तबकडी होती. या लांब आधाररेषेवर मध्यभागच्या पसरलेल्या वायूचे तेज पुसले गेले आणि उरला तो एक सघन ठिपका. तोच पुढे ‘सॅजिटेरियस ए-स्टार’ म्हणून ओळखला गेला. असा ठिपका असावा, हे भाकीत डोनाल्ड लिंडेन-बेल आणि मार्टिन रीस यांनी १९७१ मध्येच केले होते. त्या जागेचे पहिले चित्र जगासमोर आले ते १२ मे २०२२ रोजी, ‘इव्हेंट होरायझन टेलिस्कोप’ या प्रकल्पातून. त्याआधी १० एप्रिल २०१९ रोजी याच प्रकल्पाने एम-८७ च्या कृष्णविवराची सावली दाखवली होती. त्यासाठी अनेक खंडांतल्या दुर्बिणी १.३ मिलिमीटरच्या लहरीवर एकत्र आणल्या होत्या. ती नजर इतकी तीक्ष्ण की दहा रुपयांचे नाणे दोन लाख किलोमीटरवरून, म्हणजे चंद्राच्या निम्म्याहून अधिक अंतरावरून, दिसावे.

सावली न पाहताही कृष्णविवर तोलता येते. १९९५ मध्ये हवाईपासून कॅरिबियन बेटांपर्यंत पसरलेल्या दहा तबकड्यांच्या जाळ्याने एनजीसी-४२५८ या दीर्घिकेच्या मध्याभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या वाफेचे संकेत टिपले. वाफेच्या फिरण्याच्या वेगावरून मधल्या कृष्णविवराचे वजन निघाले : जवळपास चार कोटी सूर्य.

भारतात हे काम कुठून सुरू झाले?

आज अनेकांना आश्चर्य वाटेल, पण भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची पहिली मोठी पायरी कल्याणजवळ आहे. गोविंद स्वरूप १९६३ मध्ये अमेरिकेतून परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ लहान तबकड्या त्यांनी कल्याण परिसरात उभ्या केल्या आणि १९६५ मध्ये सूर्याची निरीक्षणे सुरू झाली.

पुढची पायरी उटी. १९७० मध्ये तिथे डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली. तबकड्या दूर ठेवण्याची सोय नसताना आकार कसा मोजायचा, यावर स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्राला कामाला लावले. चंद्र आकाशात सरकताना एखाद्या रेडिओ स्रोताला झाकतो. स्रोत घट्ट असेल तर संकेत झटकन नाहीसा होतो, पसरट असेल तर हळूहळू. या पद्धतीने उटीच्या दुर्बिणीने हजाराहून अधिक स्रोतांचे आकार विकलांच्या अचूकतेने मोजले. दुसरी युक्ती लुकलुकण्याची. तारे लुकलुकतात आणि ग्रह स्थिर दिसतात, कारण ताऱ्याचा ठिपका बारीक असतो. तसेच सूर्यापासून वाहणाऱ्या वाऱ्यातून येताना घट्ट रेडिओ स्रोत लुकलुकतात, पसरट स्रोत नाहीत. लांब आधाररेषेशिवाय सघन गाभा ओळखण्याची ही सोपी परीक्षा होती.

खोडदची दुर्बीण ही तिसरी पायरी. मीटरभर लांबीच्या लहरींना तबकडी गुळगुळीत पत्र्याची लागत नाही. तारांची जाळी दोऱ्यांसारख्या ताणलेल्या तारांवर बसवून कमी खर्चात ४५ मीटरच्या तबकड्या बांधण्याची रचना याच प्रकल्पासाठी विकसित झाली. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण औपचारिकरीत्या जगभरातल्या शास्त्रज्ञांसाठी खुली झाली. नंतर तिची सारी यंत्रणा सुधारण्यात आली. पुणे विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते.

शेजारच्या दीर्घिकांत किती गाभे सापडले?

या विषयातला अलीकडचा मोठा आढावा ब्रिटनमधल्या ‘ई-मर्लिन’ या जाळ्याने घेतला. त्यातल्या सात तबकड्या २१७ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत आणि ऑप्टिकल फायबरने जोडलेल्या आहेत. ‘लेमिंग्ज’ नावाच्या या पाहणीत उत्तर आकाशातल्या २८० जवळच्या दीर्घिका तपासल्या गेल्या. नजर सुमारे ०.२ विकलांची, म्हणजे आपल्या कल्पनेतल्या कडा–खोडद जोडीच्या दुप्पट तीक्ष्ण. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार २८० पैकी १२५ दीर्घिकांत रेडिओ संकेत सापडला. त्यांपैकी १०६ दीर्घिकांत तो दीर्घिकेच्या मध्याशी जुळणारा गाभा होता. सापडलेल्या दीर्घिकांपैकी साधारण एक तृतीयांशांत झोतांसारखे आकारही दिसले.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मधले कृष्णविवर जितके जड, तितका गाभा सापडण्याची शक्यता जास्त. दुसरी अधिक रंजक. दृश्य प्रकाशात ज्या दीर्घिका निष्क्रिय म्हणून नोंदल्या गेल्या होत्या, त्यांतल्याही काहींच्या मध्यात रेडिओ गाभा निघाला. म्हणजे झोपलेली वाटणारी काही कृष्णविवरे डोळे मिटून जागीच आहेत. मात्र उरलेल्या निम्म्याहून अधिक दीर्घिकांत काहीच नाही, असा याचा अर्थ होत नाही. तिथला संकेत या पाहणीच्या मर्यादेपेक्षा मंद आहे, एवढेच म्हणता येते.

मग खोडदचे वेगळेपण काय?

नजर फक्त दोन विकलांची असेल तर या विषयात खोडदचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उत्तर लहरींच्या लांबीत आहे. ही दुर्बीण प्रामुख्याने १२० ते १,४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते. या लांब लहरींवर इतक्या क्षमतेच्या दुर्बिणी जगात मोजक्याच आहेत. तीक्ष्ण नजर सांगते की गाभा आज जागा आहे का. लांब लहरी सांगतात की तो पूर्वी कधी जागा होता का. कृष्णविवराने लाखो वर्षांपूर्वी फेकलेले कण हळूहळू ऊर्जा गमावतात. उच्च वारंवारतेवर ते विझलेले दिसतात, पण कमी वारंवारतेवर त्यांची ऊब उरते. विझलेल्या चुलीची राख हातानेच चाचपावी लागते, तसे हे काम आहे.

दुसरे, गाभ्याचे तेज वेगवेगळ्या वारंवारतांवर कसे बदलते, यावरून त्याचे स्वरूप ठरते. वायूच्या पडद्याआड दडलेला गाभा कमी वारंवारतेवर अचानक मंदावतो. आपल्या आकाशगंगेच्या गाभ्याबाबत हीच शंका होती. २००४ मध्ये सुभाषिस रॉय आणि प्रमेश राव यांनी खोडदच्या निरीक्षणांतून ६२० मेगाहर्ट्झवर सॅजिटेरियस ए-स्टार दिसत असल्याचे दाखवले. एक हजार मेगाहर्ट्झच्या खाली तो दिसल्याची ही पहिली नोंद होती. आपल्या सर्वांत जवळच्या सघन गाभ्याविषयीचा हा तपशील जुन्नर तालुक्यातून मिळाला.

शांतता किती लागते?

‘लेमिंग्ज’मध्ये टिपलेले मंद गाभे किती क्षीण असतात, याचा अंदाज असा घेता येईल. चंद्रावर एक वॅट शक्तीचा मोबाइल ठेवला आणि तो दोनशे किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्व दिशांना संकेत सोडू लागला, तर पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीला तो या मंद गाभ्यांपेक्षा साधारण दहा लाख पट तेजस्वी दिसेल. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरवर आहे. मग शेजारच्या गावातला मोबाइल मनोरा, ठिणग्या पाडणारी मोटार, किंवा विजेच्या तारेवर घासत जाणारे रेल्वे इंजिन यांचे काय होत असेल?

गंमत अशी की लांब आधाररेषेच्या जाळ्यांना स्थानिक गोंगाटाचा त्रास तुलनेने कमी होतो, कारण एका तबकडीजवळचा गोंगाट हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या तबकडीला ऐकू येत नाही. एकत्र करताना तो बराचसा गळून पडतो. खोडदला ही सवलत फारशी नाही. तिच्या निम्म्या तबकड्या एकाच चौरस किलोमीटरमध्ये आहेत. त्या एकच गोंगाट एकत्र ऐकतात. शिवाय मोबाइलचे काही पट्टे थेट दुर्बिणीच्या पट्ट्यात येतात. म्हणूनच लोकवस्ती, डोंगरांचा आडोसा, कमी उद्योग असे सगळे पाहून ही जागा निवडली गेली होती. एकदा बांधलेल्या तीस तबकड्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

या शांततेची किंमत कोण मोजते?

इथे प्रश्न विज्ञानाचा उरत नाही. दुर्बिणीसाठी शांतता हवी, हे मान्य केले तरी तिचा भार एका भागावर पडतो आणि लाभ दुसऱ्यांना होतो. नारायणगाव, मंचर, संगमनेर या पट्ट्यातल्या लोकांना पुणे–नाशिक रेल्वेचे स्वप्न अनेक वर्षे दाखवले गेले. भूसंपादनाची प्रक्रियाही सुरू झाली होती. द्राक्षे, टोमॅटो, कांदा पिकवणाऱ्या या भागाला मालवाहतुकीचा रेल्वेमार्ग म्हणजे चैन नव्हे.

दुसरीकडे, नवा मार्ग प्रत्यक्षात आला तर अहिल्यानगरचे महत्त्व वाढेल. आज अहिल्यानगरहून पुण्याला रेल्वेने दौंडकडून जावे लागते. चाकणकडून थेट मार्ग झाला तर कडा, आष्टी आणि बीडच्या प्रवाशाला पुणे जवळ येईल. म्हणजे खोडदच्या शांततेची किंमत नारायणगाव मोजणार आणि त्यातला काही लाभ कड्याला मिळणार, असा हा हिशेब आहे. कड्याने त्यासाठी काही केलेले नाही आणि नारायणगावाचीही काही चूक नाही.

म्हणूनच ‘रेल्वे की दुर्बीण’ असा सरळ सामना मांडणे अपुरे आहे. दुर्बिणीपासून किती अंतरावर, कोणत्या वारंवारतेवर, किती गोंगाट होईल, हे मोजता येते. तो आडोशाने, कवचाने किंवा मार्गातल्या छोट्या बदलाने किती कमी होईल, हेही मोजता येते. ही मोजमापे सोप्या मराठीत लोकांसमोर ठेवली, तर विरोध संपेलच असे नाही, पण वाद कशावर आहे हे तरी कळेल. आणि मार्ग वळवणेच अटळ ठरले, तर ज्या तालुक्यांनी रेल्वे गमावली त्यांना रस्ते, शीतगृहे किंवा अन्य मार्गाने भरपाई देणे ही सरकारची जबाबदारी ठरते. राष्ट्रीय संपत्तीची राखण एका खोऱ्याच्या खर्चाने होऊ नये.

पुढे काय?

‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ हा जगातला सर्वांत मोठा रेडिओ दुर्बीण प्रकल्प दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभा राहत आहे. भारताच्या सहभागासाठी केंद्र सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केल्याचे २०२४ च्या सुरुवातीला जाहीर झाले. दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या सुमारे १५० किलोमीटरपर्यंत पसरतील. शेजारच्या दीर्घिकांचे आज न दिसणारे अनेक मंद गाभे त्यातून दिसू लागतील, अशी अपेक्षा आहे. या प्रकल्पाच्या नियंत्रण प्रणालीत पुण्याच्या शास्त्रज्ञांचा आणि अभियंत्यांचा मोठा वाटा आहे, आणि तो अनुभव त्यांनी मिळवला खोडदच्या तीस तबकड्या चालवताना. नव्या दुर्बिणी दक्षिण गोलार्धात असल्याने एम-८१ आणि एम-८२ सारख्या उत्तरेकडच्या दीर्घिका त्यांच्या आवाक्याबाहेर राहतील. त्यांच्यासाठी उत्तर गोलार्धातल्या दुर्बिणी पुढेही लागणार आहेत. खोडद त्यांपैकी एक.

या कामात सहभागी होण्यासाठी खोडदला राहावे लागत नाही. खोडदच्या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाची पाहणी केली असून तिची चित्रे सर्वांसाठी खुली आहेत. ‘रॅड ॲट होम’ हा २०१३ पासून चालणारा भारतीय उपक्रम विज्ञानाच्या पदवीधरांना आणि विद्यार्थ्यांना ही चित्रे वाचायला शिकवतो, आणि त्यातून नवे शोधही लागले आहेत. शिवाय दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि दुर्बीण पाहायला राज्यभरातून शाळा येतात. कड्याहून सकाळी निघालेली बस नगरमार्गे तिथे पोहोचू शकते. तबकड्यांच्या जवळ गेल्यावर मोबाइल बंद ठेवायला का सांगतात, हे त्या मुलांना आधीच माहीत असेल, तर पुढचे प्रश्न ती स्वतःच विचारतील.